वस्तऱ्यानं न निघणारे केस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, कारण पुढं मला मधे थांबायला जमणार नाही. अजूनही आठवलं की मानेला घाम सुटतो!

आमचं हदगावला खता-बियाण्याचं दुकान. मी तिशीत आलो तेव्हा डोक्याची गत अशी, की गोगलगायींनी खाल्लेलं सोयाबीन बरं दिसावं. स्थळं यायची, डोकं बघायची, चहा पिऊन जायची. शेवटी घरी कुणाला न सांगता लातूरला गेलो आणि केस बसवून आलो. आईला सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग होतं. मग लई दिवस टोपी काढली नाही.

वर्षभरात डोकं भरलं! आणि मुरुडच्या सुवर्णाचं स्थळ जमलंही. मी हवेत.

तर एक दिवस आई म्हणाली, "माध्या, पुढच्या शनिवारी बालाजीच्या देवळात मुंडण हाय तुझं."

"माझं? कशापायी?"

"मी नवस बोलले व्हते. माझ्या लेकाला केस येऊ दे, तेच तुझ्या पायी वाहीन म्हणून. पावला की न्हाई देव?"

मी गुपचूप केस बसवले, ती गुपचूप नवस बोलली! त्यात मुरुडच्या पाहुण्यांनाही जेवायला बोलावलेलं.

केसांचं काही नाही हो, ते परत येतात. भीती होती मागच्या वणाची. केस बसवायला डोक्याच्या मागून कातडीची पट्टी काढतात ना, त्याचा वण या कानापासून त्या कानापर्यंत. मुंडण झालं की उघडा! सासऱ्यानं विचारलं, 'जावईबापू, डोकं कशानं फुटलं?' तर?

धावत नांदेडला गेलो. तिथं वणावर बारीक बारीक ठिपके गोंदतात, बघणाऱ्याला केसांचे खुंटच वाटतात. गोंदणारा म्हणाला, "यापुढं मशीननं केस बारीक ठेवा, वस्तरा मारू नका."

मी म्हटलं, "हाव."

का मारू नका, हे विचारायचं सुचलं का? नाही! मला वाटलं, कातडी नाजूक असेल म्हणून सांगून राहिला. वण दिसेना झाला, मी खूश.

शनिवारी देवळापुढं पाटावर बसलो. पाहुणे समोर. गंगाधर न्हाव्यानं पाणी लावलं, वस्तरा चालवला. डोकं गुळगुळीत झालं. तरी तो मागं खरवडतच होता.

"काय झालं रे?" आत्यानं विचारलं.

"मागं पट्टा राहून राहिला. निघंना."

"पातं बदल!"

पातं बदललं. खर्र खर्र! माझ्या डोळ्यांत पाणी. मी हळूच म्हणालो, "गंगाधर, राहू दे की."

"असं कसं? देवाचं काम हाय, अर्धं ठेवू का?"

तिसरं पातं आलं. आत्यानं राख चोळून बघितली, कुणीतरी लिंबू आणलं. ताज्या वस्तऱ्यावर लिंबू! मी पाटावरून वीतभर उडालो. सगळा गाव माझ्या मागं उभा राहून माझं डोकं बघत होता. मुंडण केलेल्या पांढऱ्याफटक डोक्याला काळी फीत बांधल्यासारखं दिसत असणार.

पुजारी गंभीर झाले. "देव केस घेईना. नवसात काही चुकलं का, बाई?"

आईचा चेहरा पडला. तिनं हात जोडले, "चुकलं असंल तर माझं चुकलं. माझे केस घे देवा, लेकाला काही करू नको." आणि अंबाडा सोडून सरळ माझ्या शेजारी खालीच बसली. "गंगाधर, चालव वस्तरा."

पाहुणे, लग्न, इज्जत, सगळं गेलं चुलीत!

"आई, ऊठ! ते केस न्हाईत, शाई हाय!"

मग आत्या म्हणाली, "शाई? डोक्यानं मतदान केलंस का रे?"

सांगितलं सगळं. लातूर, ट्रेनिंग, नांदेड. आईनं आधी पाठीत एक दणका घातला, मग त्याच हातानं डोळे पुसले. मी मान खाली घालून बसलो. आता मुरुडची गाडी सुरू होणार, लग्न मोडणार!

सासरे उठले, जवळ आले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"म्हंजी काढले ते केस खरे व्हते?"

"हाव."

"अरे तिच्या मारी! तुमच्या मामानं जुना फोटो पाठवला, तो टकलाचाच. आम्ही त्याच्यावरच पसंती कळवली. मग तुम्ही आलात ते डोकं भरून केस घेऊन! आम्हाला वाटलं, केसांचा टोप हाय. म्हटलं, पोरगं लाजून राहिलं, कशाला विचारा."

मी विचारलं, "आणि सुवर्णा?"

"ती तर कवापासून मागं लागली हाय. म्हणती, लग्नात तेवढा टोप घालू नका म्हणून सांगा त्यांना, फोटोतच बरे दिसत व्हते."