अर्धा कप

दवाखान्याशेजारच्या हॉटेलात समोरच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. गृहस्थांचा हात कंपवातानं हलत होता. बाईंनी त्यांच्या कपातला अर्धा चहा आपल्या कपात ओतून घेतला.

"अहो, आता नाही सांडायचा."

"चंगळ आहे तुझी," ते हसत म्हणाले. "दुखणं माझं आणि दीड कप चहा तुला!"

माझ्या पत्नीलाही हाच आजार होता. वैद्यांचं चूर्ण झालं, तेलाची मालिश झाली, मोठ्या डॉक्टरांच्या गोळ्या बदलत गेल्या. हात काही दिवस शांत व्हायचा, मग पुन्हा थरथरू लागायचा. चारचौघांत कप धरायची तिला लाज वाटे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिची बहीण आग्रहानं बोलवायची. ती म्हणे, "या औषधाचा गुण येऊ दे, मग जाईन." मलाही ते पटायचं. बहीण वाण घरी पाठवून द्यायची.

हा आजार वाढतच जाणार, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तरी बरं होईपर्यंत आम्ही सगळंच पुढे ढकलत राहिलो. आता ती नाही.

"अजून घेणार?" बाईंनी विचारलं. गृहस्थांनी कप पुढे केला. तो बशीवर खडखड वाजत होता, आणि हॉटेलात कुणीसुद्धा वळून पाहत नव्हतं.