मोकळे हात

वॉर्डातले पेशंट तिला कॅप्टन म्हणत. होती नर्सच्या हाताखालची परवानाधारक मदतनीस, पण "चला, कूस बदला" म्हणाली की खाटसुद्धा वळेल असं वाटायचं. मी तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. साहित्यात एम.ए. केलंय म्हणून ती मला कवी म्हणते. मी एकही कविता लिहिलेली नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे घड्याळजी होते. नाकातून पोटापर्यंत अन्नाची नळी. ती उपटू नये म्हणून हातांत गादीसारखे जाड मोजे, त्यांचे बंद खाटेला बांधलेले. नियम साधा. मोजा काढला तर मदतनिसाने तिथून हलायचं नाही.

त्यांची बायको भेटायला आली आणि मोज्यावरूनच हात कुरवाळत राहिली. कॅप्टनने एक मोजा काढला. म्हातारीने बोटं धरली. मग कॅप्टनच्या लक्षात आलं, बाई उभ्याच आहेत. ती शेजारच्या खोलीतून खुर्ची आणायला गेली.

परतली तेव्हा नळी जमिनीवर, नाकातून रक्त.

नळी पुन्हा घातली. म्हातारे सावरले. तक्रार मात्र परवाना देणाऱ्या मंडळाकडे गेली. तिथून निरोप आला: मोजा काढणं आणि जागा सोडणं, दोन्ही चुका कबूल करा, ताकीद देऊन सोडू. नाहीतर परवाना निलंबित.

तिचा नवरा शिंपी. दातात दोरा धरून म्हणाला, "दोन वाक्यं बोल आणि सूट. एक दिवस तोंडाला आवर घाल."

"बोलू की आवर घालू? एक काय ते ठरव."

मी माफीचा मसुदा लिहून दिला. त्यात 'तीव्र खेद' दोनदा होता.

तिने वाचला. "कवी, हा खेद कुणाला झालाय?"

सुनावणीला मी मागच्या बाकावर होतो. अध्यक्षबाई शांतपणे बोलत होत्या.

"जागा सोडलीत?"

"सोडली. चूक माझी. खुर्चीसाठी कुणाला तरी हाक मारायला हवी होती. लिहून घ्या."

"आणि मोजा काढलात."

"काढला. ती चूक नाही."

"काढला नसता, तर नळी निघालीच नसती."

मुद्दा बिनतोड होता.

"खरंय," कॅप्टन म्हणाली. "पण मग त्या बाईंनी धरायचं काय? कापूस?"

"पुन्हा असं कराल?"

"मोजा काढीन. खुर्ची आधी आणीन."

सहा महिने निलंबन.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. "नुसतं हो म्हणायचं होतं गं."

"मी भित्री आहे रे. एकदा हो म्हटलं की जन्मभर पाळत बसेन. कुणाचा बंद सोडायला हात धजणार नाही."

इतकी वर्षं मी तिला ओळखत होतो. असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत ती साध्या कपड्यांत वॉर्डात गेली. मी मागोमाग. सिस्टर दचकल्या. "अगं, तुला तर काढलंय ना?"

"कामावरून. भेटायला परवाना लागत नाही."

म्हातारी खाटेपाशी उभीच होती. कॅप्टनने आधी खुर्ची आणली. बाईंना बसवलं. स्वतः हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"सिस्टर, मला आता मनाई आहे. तुम्ही काढा. आणि इथून हलू नका."

सिस्टरनी दाराकडे पाहिलं. मग वाकून बंदाची गाठ सोडली.