तळ नसलेला पाळणा

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझी आई म्हणायची, आणि ती काही कौतुकाने म्हणत नसे. त्यामुळे डॉक्टरांनी माझ्या मुलीला चौथ्या महिन्यापासून झोपून राहायला सांगितलं, तेव्हा शिक्षा तिला झाली की मला, हे ठरवणं अवघड होतं. ती आमच्या बसवनगुडीच्या घरी येऊन राहिली. जावई नोकरीसाठी हैदराबादला, तो शनिवार-रविवारी यायचा. मी दिवसभर तिच्या खोलीत आत-बाहेर करायची. पाणी हवं का, उशी सारखी करू का, पंखा कमी करू का. शेवटी तीच म्हणाली, "आई, तू जरा बाहेर जाशील का कुठेतरी? तुला बघून मला धाप लागते."

पण बसायचं तरी कसं? दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. पाळणा तेव्हा आधीच घरात आला होता, वर लोंबणाऱ्या कापडी चिमण्यांसकट. दवाखान्यातून परतल्यावर तिच्या नजरेस पहिल्यांदा तोच पडला. जावयाने त्याच संध्याकाळी तो सोडवून कुणाला तरी देऊन टाकला, पण जे दिसायचं ते तिला दिसून गेलं होतं. म्हणून या वेळी तिने सगळ्यांना बजावलं होतं: बाळ हातात येईपर्यंत घरात एक टोपडंसुद्धा आणायचं नाही.

मी हो म्हटलं, आणि दोनच दिवसांनी लाकूड बघायला गेले.

माझा सगळा जन्म एका सरकारी कारखान्यात यंत्रांच्या भागांचे नकाशे काढण्यात गेला. नकाशे मी काढायची आणि भाग घडवायचे दुसरेच, याचा राग निवृत्तीनंतर मी सुतारकामावर काढला. घरातले दोन स्टूल आणि एक मांडणी माझ्या हातची आहे, त्यातलं एक स्टूल अजून डुगडुगतं. आता डोक्यात एक झुलती खुर्ची बसली होती. बाकासारखी रुंद. अर्ध्या भागात आईने बसायचं, उरलेल्या अर्ध्याला कठडा लावून पाळणा करायचा, आणि दोन्ही खालच्या त्याच दोन वाकड्या पट्ट्यांवर. आई झुलली की बाळही झुलणार, आणि तिचे हात मोकळे. एक बाळ गमावलेल्या आईला दुसरं हाताच्या अंतरावरच हवं असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

घरी करणं शक्यच नव्हतं. आमच्या ह्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याची पीण्या या औद्योगिक वसाहतीत लहानशी शेड आहे, तिथे लेथची यंत्रं चालतात. त्यांनी मागचा कोपरा आणि एक टेबल दिलं. मी मुलीला सांगितलं, गुडघ्यासाठी फिजिओकडे जाते. मेट्रोत बसलं की थेट पीण्या, आणि पितळी स्क्रू लागले तर वाटेत चिकपेटचा बाजार. खरं काय ते फक्त ह्यांना सांगितलं.

हे निपाणीकडचे. आयुष्यभर इंजिनिअर, आणि घरातले सगळे शकुन-अपशकुन सांभाळायचं खातंही ह्यांच्याकडेच. ऐकल्या ऐकल्या म्हणाले, "रिकामा पाळणा हलवायचा नसतोय. माहीत आहे की तुला."

"मग खुर्ची झुलवून बघू कशी? खुर्ची हलली की पाळणा हलणारच."

ते जेवायला बसले. ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "तळ बसवू नकोस. बाळ घरी आलं की बसव. तळ नाही म्हणजे पाळणा नाही, नुसती चौकट. चौकट हलली तर काय होतंय?"

मी खूप हसले. तुम्ही वकील व्हायला हवं होतंत, म्हटलं. मी असलं काही मानत नाही. पण उगीच विषाची परीक्षा तरी कशाला घ्या, म्हणून केलं मात्र तसंच.

लाकूड जुन्या दारांच्या चौकटींचं, सागाचं. करवत आणि रंधा चालवताना बरं वाटायचं. जीव नकोसा केला तो खालच्या पट्ट्यांनी. पातळ पातळ फळ्या सरस लावून साच्यात वाकवायच्या, आवळायच्या आणि सुकेपर्यंत थांबायचं. थांबणं माझ्या पत्रिकेतच नाही. पहिली पट्टी मी घाईने सोडली आणि ती परत सरळ झाली. शेडचे कन्नड मालक बघत होते. "अक्का, स्वल्प कूतकोळ्ळी," म्हणाले. बसा जरा.

"बसणं जमलं असतं तर इथे कशाला आले असते?" मी म्हटलं, आणि पुन्हा सरस कालवायला घेतला.

लेथच्या आवाजात ऐकू यायचा नाही म्हणून फोन मी कमरेला खोचून ठेवायची. तो थरथरला की आधी नाव बघायची. एकदा ह्यांचा फोन आला. मी रंधा तसाच टाकून रस्त्यावर धावले. ह्यांना हिंगाची डबी सापडत नव्हती. त्या दिवशी मी भर रस्त्यात ह्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सहावा महिना लागला तशी मी पीण्याला जाणं बंद केलं. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. तिला काही विचारायची भीती वाटायची आणि न विचारण्याचीही. मी तेच ते डबे पुन्हा घासत होते. सातवा लागला त्या दिवशी हे कुणाला न सांगता देवळात नारळ फोडून आले. तिने खोबऱ्याचा तुकडा खाल्ला आणि कुठून आला ते विचारलं नाही.

मी पुन्हा शेडवर गेले आणि खुर्ची उभी केली. बसून झुलले, तर ती प्रत्येक झोक्याला थोडी तोंड फिरवत भिंतीकडे सरकायला लागली. एका अंगाला माझं वजन, दुसऱ्या अंगाला पोकळ चौकट. तिथे वजन ठेवून बघावं तर ठेवायला तळच नाही. चूक माझ्या नकाशात नव्हती, आमच्या हुशारीत होती.

त्याच संध्याकाळी मुलीने माझ्या केसांतून काहीतरी काढून तळहातावर धरलं. "फिजिओकडे लाकडाचा भुसा असतो?"

मी सगळं सांगून टाकलं. ती चिडेल, रडेल, असं वाटलं होतं. तिने भुसा बोटांनी चुरला. मग म्हणाली, "आण ती घरी."

टेम्पोतून खुर्ची आली तोवर डॉक्टरांनी तिला थोडं बसायची परवानगी दिली होती. ती बसली, झुलली, आणि खुर्ची सरकत सरकत खिडकीकडे निघाली. कित्येक महिन्यांनी ती मोठ्याने हसली. मग तिने शेजारच्या चौकटीत पाहिलं. खालच्या फरश्या दिसत होत्या.

"याला तळ का नाही?"

ह्यांनी नियम समजावला. तळ नाही म्हणजे पाळणा नाही, वगैरे. तिने चौकटीतून हात खाली घातला आणि तसाच ठेवला.

"म्हणजे तुम्हीपण तयारी करून ठेवलीत," ती म्हणाली. "नाहीच झालं, तर ही नुसती चौकट."

तेच तर होतं. ज्या तोडग्याला मी हसत होते, त्याच्यामागे मीच लपून बसले होते.

"मागचं पाळण्यामुळे गेलं नाही, बाबा," ती ह्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तळ बसव, आई. आत्ता."

मी खुर्चीबरोबर आणलेल्या तळाच्या फळ्या काढल्या. कापून, घासून कधीच तयार होत्या. आणि शकुन न मानणारी मी तोच एक स्क्रू पुन्हा पुन्हा पुसत बसले. मला भीती वाटत होती, अगदी सरळ भीती. हे स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, बघवत नाही म्हणून गेले. ते बाहेर आले तेव्हा हातात वरवंटा होता, धुऊन पुसलेला, स्वतःच्या स्वच्छ पंच्यात गुंडाळलेला. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात ठेवतात तसा. शेवटचा स्क्रू बसल्यावर त्यांनी तो हलक्या हाताने तळावर ठेवला.

"आता रिकामा नाही," ते म्हणाले.

मुलगी झुलायला लागली. एक हात पोटावर, एक पंच्यावर. खुर्ची आता पहिल्याइतकी सरकत नव्हती, तरी हळूहळू खिडकीकडे जातच होती. मी कानस उचलली. "ऊठ जरा, खालून थोडं घासते. सरळ करते."

"राहू दे गं," ती म्हणाली. "बाळ मोठं होईल तशी होईल सरळ."

बाळ मोठं होईल, असं त्या घरात तोवर कुणीच म्हटलं नव्हतं. मी कानस खाली ठेवली आणि तिथेच फरशीवर बसले.

नात आता वर्षाची होत आली. खुर्ची अजून थोडी खिडकीकडे जातेच. मी तिला कानस लावलेली नाही.