ताज्या फुटलेल्या दगडावरची सही

या सदरात लिहिणाऱ्यांना मी आजवर मनातल्या मनात हसत आलो आहे. माझी सून हे भुताटकीचे अनुभव मोठ्याने वाचून दाखवते आणि मी विचारतो, "वायरिंग तपासलं होतं का? माळ्यावर उंदीर होते का?" चौतीस वर्षं जमिनीखाली काम केलेला माणूस भुताखेतांवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. अंधारात काय असतं ते मला ठाऊक आहे. गॅस असतो, पाणी असतं आणि डोक्यावर सैल दगड असतो. याहून वेगळं काही मला कधी दिसलं नाही... दोन प्रसंग सोडून.

त्यातला दुसरा गेल्या हिवाळ्यात, इथे कळंब्यात, माझ्याच घरी घडला. पण पहिला सांगितल्याशिवाय तो कुणाला कळणार नाही आणि पहिला सांगायचा तर मला माझा गुन्हाही सांगावा लागेल. माझं वय चौऱ्याहत्तर. आणखी किती दिवस झाकून ठेवणार?

मी मूळचा हातकणंगले तालुक्यातला. नोकरी केली विदर्भात, एका भूमिगत कोळसा खाणीत. नाव लिहीत नाही, ती खाण बंद होऊनही बरीच वर्षं झाली. मी तिथे सरदार होतो. खाणीतला सरदार म्हणजे पाळीचे कामगार आत जाण्याआधी एकट्याने जाऊन सगळ्या जागा तपासणारा माणूस. हातात सेफ्टी लॅम्प आणि एक लांब काठी. दिव्याच्या ज्योतीवरून गॅस कळतो. काठीने छत ठोकायचं. छत मजबूत असेल तर खणखणीत आवाज येतो, पोकळ असेल तर भद्द. जागा ठीक असेल तर तिथल्या दगडावर खडूने त्या दिवसाची तारीख आणि आपली सही करायची, मग बाहेर येऊन वहीत लिहायचं. तोवर कामगार आतल्या एका ठरलेल्या जागी बाकड्यांवर बसून राहतात. सरदार येऊन "जावा" म्हणाल्याशिवाय कुणी उठत नाही.

बाकीचे सरदार इंग्रजीत सही करायचे. मी मराठीत करायचो — गो. पा. 'पा'चा काना मी खाली ओढून उजवीकडे वळवायचो, लहानपणापासूनची सवय. त्यामुळे माझी सही अख्ख्या खाणीत ओळखू यायची.

दस्तगीर माझ्याच तालुक्यातला. त्याला खाणीत मीच चिकटवला होता. त्याचं काम छताचे सैल तुकडे लांब पहारीने पाडून टाकायचं, म्हणजे सरदाराच्या मागोमाग आत जाणारा पहिला माणूस तोच. त्याच्या घरी, कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये, मी दर रविवारी जेवायला असायचो. त्याची बायको मेहरून. मी तिला भाभी म्हणायचो.

ती पाळी सकाळची होती, पस्तीस वर्षांपूर्वीची. माझ्याकडे सात जागा तपासायला होत्या. शेवटची जागा सगळ्यात लांब आणि तिथे जायच्या वाटेवर गुडघाभर पाणी साचलेलं. पंप दोन दिवस बंद होता. थंडीचे दिवस. आदल्या दिवशी मी ती जागा पाहिली होती, ठणठणीत होती. त्याच्या आदल्या दिवशीही. मी पाण्याच्या काठापर्यंत गेलो, दिवा वर धरून लांबून बघितल्यासारखं केलं आणि मागे फिरलो. वहीत सातही जागांपुढे 'ठीक' लिहिलं.

कारण एवढंच. ना ताप होता, ना घरी काही अडचण. पाय ओले करायचा कंटाळा.

बाकड्यांपाशी आलो. दस्तगीर पहार मांडीवर घेऊन बसला होता.

"शेवटचं बघितलासा न्हवं?" त्याने विचारलं.

"व्हय, बघितलं की. जा."

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. माझी पँट कोरडी होती. तो हसला. "काय पाटील, पाण्यावरनं चालत गेलासा काय?" आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मीही हसलो. तो उठला, पहार खांद्यावर टाकली आणि गेला.

त्याला कळलं होतं. हे मी पस्तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्याला कळलं होतं आणि तरी तो गेला, कारण चारचौघांत मला खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं असेल. नाहीतर त्याला वाटलं असेल, पाटील म्हणतोय म्हणजे असेल ठीक. यातलं कुठलं खरं, ते विचारायला तो राहिला नाही.

वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज आला. छत पडल्याचा आवाज कानाआधी छातीला कळतो. आम्ही पाण्यातून धावलो. धुरळा बसल्यावर दिसलं — खाटेएवढा दगडाचा थर खाली आला होता आणि दस्तगीरचा फक्त एक बूट दिसत होता.

आता जे सांगतो ते नीट वाचा.

खाणीत कोळशाच्या धुळीचा भडका उडू नये म्हणून छतावर आणि भिंतींवर चुनखडीची पूड मारलेली असते. त्यामुळे जुनी जागा करडी-पांढरी दिसते. जिथून दगड नुकताच निखळतो तिथे मात्र आतला दगड काळा, चमकदार, जणू ओला. ती जागा लाखो वर्षांत कुणी पाहिलेली नसते. मी दिवा वर केला. त्या काळ्या चकचकीत दगडावर, बरोबर मध्यावर, खडूने लिहिलेलं होतं. त्या दिवसाची तारीख. खाली गो. पा. काना उजवीकडे वळलेला.

माझ्या शेजारी सोमाजी होता. लाकडाचे टेकू लावणारा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, बोलणं कमी. त्यानेही वर पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सरदार, हा गोटा तं आत्ता उघडा पडला. याच्यावर सकाळी लिवलं कोनं?"

मी दिवा खाली घेतला. तो हे नंतर कुणापुढे बोलला नाही. पण त्या दिवसापासून त्याने माझ्याशी नजर मिळवली नाही.

दुपारी चौकशीचे साहेब आले. त्यांनी टॉर्च मारला, सही पाहिली, लिहून घेतली. कुठल्या थरावर आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही... किंवा आलं असेल तर त्यांना ते नको होतं. "सरदाराने तपासणी केल्याची खूण जागेवर आढळली." म्हणजे मी सुटलो. मग चूक कुणाची? साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही त्याला काही सूचना दिली होती?"

आणि मी म्हणालो, "हो साहेब. टेकू लागेपर्यंत थांब म्हणालो होतो. त्याने ऐकलं नाही."

रिपोर्टमध्ये तेच गेलं. मृताने घाई केली, मृताची बेपर्वाई. भाभीला हे सांगायलाही मीच गेलो. ती रडली नाही. म्हणाली, "घाई. जल्मभर नुसती घाईच त्याला." लहानग्या पोरीला कडेवर घेऊन ती महिन्याभरात हातकणंगल्याला माहेरी गेली. पुढे मी नोकरी केली, निवृत्त झालो, कळंब्यात घर बांधलं. हातकणंगले इथून फार तर तासाभराच्या अंतरावर. मी त्या बाजूला गेलो नाही. गावच्या जत्रेलाही नाही.

आता दुसरा प्रसंग.

गेल्या हिवाळ्यात मुलाने वर एक खोली काढायला घेतली. स्लॅब ओतून तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी खालचे टेकू आणि लोखंडी प्लेटा काढायच्या होत्या. सकाळचे अकरा वाजले असतील, लख्ख ऊन. मी गच्चीच्या कठड्याला टेकून पेपर वाचत होतो. बाळू मिस्त्री आणि त्याची तीन माणसं आत खडखडाट करत होती. मधली प्लेट निघाली आणि आवाज थांबला.

"ओ आजोबा!" बाळूने हाक मारली. "वर जाऊन सही कवा केलासा? आनी ते बी आमच्या आदी!"

मी आत गेलो. सिमेंटच्या ताज्या, ओलसर करड्या छतावर खडूने तारीख. खाली गो. पा.

मुलगा म्हणाला, "प्लेटवर कुणीतरी आधी लिहिलं असेल, ते उमटलं." बाळू हसला. "सायेब, प्लेटवरचं उमटलं तर उलटं उमटंल की. हे सुलटं हाय. आनी तारीख बघा. आजची हाय. स्लॅब टाकताना आजची तारीख कुनाला ठावं हुती? प्लेटा कवा काढायच्या ते काल सांच्याला ठरलं." त्याने शिडीवर चढून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. खडूच.

मला तेव्हा भीती वाटली नव्हती. नुसतं सुन्न वाटत होतं. भीती वाटली ती पुढच्या वाक्याने. बाळू शिडीवरून उतरला, हात झटकले आणि आपल्या माणसांना म्हणाला, "चला रं, आजोबांची सही हाय म्हंजे पास झालं की! घुसा." आणि ती तिघं हसत त्या सहीखाली जाऊन उभी राहिली.

मी ओरडलो. कसा ओरडलो मला आठवत नाही, पण शेजारचे लोक गच्चीवर आले. सून म्हणते, मी बाळूच्या दंडाला धरून त्याला बाहेर ओढला आणि "मी बघितलेलं नाही, मी बघितलेलं नाही" एवढंच म्हणत होतो. मग मी काठी घेतली आणि एकटा आत गेलो. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून वितीवितीने सगळा स्लॅब ठोकत गेलो. दोन वाजेपर्यंत. मुलगा दारात उभा राहून, "बाबा, पुरे" म्हणत होता. कुठेही पोकळ आवाज आला नाही. नंतर इंजिनिअर आणला, त्यानेही सांगितलं — स्लॅब उत्तम आहे. आजही तो तसाच आहे, नातवाचा पलंग तिथेच आहे.

सहीचा फोटो सुनेच्या फोनमध्ये आहे. मी तो खूपदा पाहिला. गेली आठ वर्षं माझा हात थरथरतो, साधा चेक लिहिताना सही हलते. फोटोतली अक्षरं मात्र ठाम आहेत. ती माझ्या आताच्या हाताची नाहीत. एकोणचाळिसाव्या वर्षीच्या हाताची आहेत.

दुसऱ्या दिवशी एसटीने हातकणंगल्याला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. भाभी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. पार वाळली आहे, पण तिने मला लगेच ओळखलं. "पाटील न्हवं तुमी?" म्हणाली. "लई दिसानं वाट चुकलासा."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पाणी, वही, कोरडी पँट, साहेबांपुढचं खोटं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेंगा फोडायचं मात्र थांबलं होतं.

"त्येनं बघितलं हुतं? तुमची पँट?"

"व्हय."

"आनी तरी गेला."

"व्हय, भाभी."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "मी त्याला शिव्या दिल्या ओ. रोज दिल्या. पोरीच्या लग्नात दिल्या. पोरगी बाळंतपणात अडली, तवा दवाखान्यात बसून दिल्या. घाई केलास, आमास्नी टाकून गेलास म्हनून. त्याच्या कबरीवर फूल ठेवायला बी गेलो न्हाय कदी. आता मी त्येची माफी कुटं जाऊन मागू? सांगा की."

काहीतरी बोलायचं म्हणून मी सहीची गोष्ट काढली — खाणीतली, स्लॅबवरची. तिने हात वर करून मला थांबवलं.

"ते मला नगं. भूत असंल, सैतान असंल, तुमचं तुमी बघा. तुमी आत गेला न्हवतासा, एवढं लिवा. रिपोर्टात त्याच्या नावावर लिवलं तसंच, कागदावर. चार लोकांनी वाचाय पायजे असं."

बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. मी निघालो तेव्हा आतून तिची मुलगी बाहेर आली आणि विचारू लागली, "अम्मी, कोन आलतं?" भाभी काय म्हणाली ते ऐकायला मी थांबलो नाही.

जुन्या खाणीच्या मुख्य कार्यालयाला मी दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. ज्यांनी चौकशी केली ते साहेब हयात नाहीत, सोमाजीही नाही. म्हणून इथे लिहितो आहे. या लेखाची प्रत घेऊन मी स्वतः हातकणंगल्याला जाणार आहे.

ती सही कुणी केली याचं उत्तर माझ्याकडे नाही. दस्तगीरने मला वाचवायला केली म्हणावं, तर त्याला लिहिता येत नव्हतं आणि तो दगड तेव्हा दगडाच्या आत होता. मला अडकवायला केली म्हणावं, तर तिच्यामुळेच मी सुटलो. स्लॅबवर ती कशाला आली, हेही मला सांगता येत नाही. कुणाला काही सुचलं तर कळवा, मी वाचेन. पण मला जे नक्की माहीत आहे, ते आता नीट लिहून ठेवतो.

त्या सकाळी मी सातव्या जागेवर गेलो नव्हतो. दस्तगीरने घाई केली नाही. मी त्याला थांब म्हणालो नव्हतो. तो बसला होता. मी त्याला जा म्हणालो.

— गोपाळ पाटील, कळंबा