घासलेलं दार

त्या गावात दारांना कुलपं नव्हती. घरचं माणूस जिथे रोज तळवा टेकायचं, तिथलं लाकूड त्याचा हात शिकायचं आणि उघडायचं. परक्याने डोकं आपटलं तरी दार ढिम्म. गावाला याचा भलता गर्व. माणसं ओळखायचं काम एकदा लाकडावर सोपवलं, की आपण खुशाल डोळ्यांवर कातडं ओढायला मोकळे!

तिथल्या एका घरच्या धाकटीने दहाव्या वर्षी पळालेल्या कैद्याला घरात लपवलं. शिक्षा झाली सात वर्षं वेशीबाहेर. परतल्यावर दाराने ओळखलं तर ती घरची, नाहीतर जन्माची परकी. हात एकदाच टेकवायचा, आणि त्या घडीला तिचा निकाल लागेपर्यंत आतल्यांनी दाराला बोटही लावायचं नाही.

बाहेरच्या शहरात एका सुतार मिस्त्रीने तिला हाताशी धरलं. माणूस फटकळ, पण शिकवण्यात हात आखडता नाही. डोळे मिटून लाकूड चाचपायला लावायचा, आणि चुकली की दिवसभर भुसा झाडायला. सातव्या वर्षी नुसत्या बोटांनी ती फळीची जन्मकुंडली सांगायची.

"इथेच राहा की गं," मिस्त्री म्हणाला.

"मला घर आहे, मिस्त्री."

मुदत संपली त्या सकाळी ती दारापुढे उभी राहिली. मागे वेशीवरचा शिपाई.

"आलीस गं माझी बाय!" आतून आई म्हणाली. "ठेव, ठेव हात!"

तिने तळवा टेकवला. दार हललं नाही.

बोटांना मात्र सगळं कळलं. लाकूड वरून कोवळं होतं, नुकतंच सोललेलं.

"आई, दाराला काय केलंस?"

"दिसलं ना? तू येणार म्हणून काचकागद घेऊन महिनाभर घासलं. किती काळं पडलं होतं! छान लागतंय ना हाताला?"

दार हात शिकतं ते लाकडाच्या गाभ्यात, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या मानत आलं होतं. खरं तर ते शिकतं वरच्या केसभर थरात, त्याच काळ्या डागात. महिनाभर राबलेला आईचा हात दाराने नव्याने शिकला होता, म्हणून ते तिला उघडत राहिलं, आणि लेकीचा हात पुसला गेल्याचा तिला पत्ताच लागला नाही. धाकटीला आईचा असा संताप आला की दातावर दात घट्ट बसले. मग रडू आलं. ते तिने गिळलं.

"छान लागतंय," ती म्हणाली.

"मग उघडत का नाही?"

"माझाच हात बदललाय, आई. सुतारकामाने घट्टे पडलेत नुसते. तू काही चुकली नाहीस."

"पुन्हा ठेव!"

"एकदाच," शिपाई खाली बघत म्हणाला.

आई आतून दाराला लाथा घालू लागली. मेल्या, कृतघ्ना, तुझी होळी करते, असं काहीबाही ओरडत होती. धाकटीने पिशवी उचलली. आई दाराला शिव्या देतेय तोवर स्वतःला देणार नाही, एवढं तिला पुरेसं होतं.