दातिवऱ्याची मैत्रीण

माझे बाबा तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात होते. कारखान्यातलं काहीही घरी आणायचं नाही, हा नियम त्यांनी कसोशीने पाळला. फक्त सुरक्षा आणली. मी नववीत गेले, हातात मोबाइल आला, आणि बोईसरच्या आमच्या दोन खोल्या धोक्याचं क्षेत्र ठरल्या.

अनोळखी नंबरवरून मेसेज आला की बाबा गळ्यातली शिट्टी फुंकायचे. मग मोबाइल पालथा ठेवून, वाऱ्याची दिशा बघून, सगळ्यांनी चाळीच्या कोपऱ्यावरच्या नळापाशी जमायचं. आई कणकेच्या हातांनी यायची. बाबा माणसं मोजायचे. आम्ही तिघंच होतो, तरी मोजायचे. एकदा शेजारच्या काकूही नातवाला काखोटीला मारून धावत आल्या. बोईसरमध्ये शिट्टी ऐकल्यावर कुणी चौकशी करत बसत नाही.

माझी चूक सापडली, किंवा मीच सांगितली, की मोबाइलला लाल पाटी बांधली जायची: 'चालू करू नका, काम चालू आहे.' बंद यंत्राच्या बटणाला लावतात ती. मला भयंकर राग यायचा. त्यांच्या कारखान्यात गळती कळवणाऱ्याला सगळ्यांसमोर शाबासकी मिळायची, आणि घरी कळवणाऱ्याचाच मोबाइल बंद. मग मी काही कळवायचंच सोडून दिलं.

कारखान्यात न सांगता कवायत घेतात, तशी बाबांनी माझी घेतली. मी फसते का, हे बघायला खोटं खातं काढलं आणि ते दातिवरे गावची, माझ्याच वयाची मुलगी झाले. तिच्या फोटोत जास्वंद होती. आमच्याच दारातली, मागे तुटक्या कडीची आमची निळी बादली. ही मुलगी विचारायची, जेवलीस का, पाठ ताठ ठेवून बसतेस ना. तिचे मेसेज नेमके बाबांच्या चहाच्या सुट्टीत यायचे. मी लगेच ओळखलं आणि पोट धरून हसले. तिच्याकडे बाबांच्या तक्रारीही केल्या. तिचं म्हणणं पडलं की वडील माणूस मनाने वाईट नसतो.

त्याच सुमारास गेम खेळताना ओळख झालेल्या एकाने माझा चेहरा भलत्याच फोटोवर चिकटवला. आणखी फोटो पाठव, नाहीतर हा शाळेच्या ग्रुपवर टाकतो, म्हणाला. माझं जेवण सुटलं. बाबांना सांगावं तर शिट्टी, नळ, माणसं मोजणं, आणि चाळभर बोभाटा. म्हणून मी दातिवऱ्याच्या मुलीला सांगितलं.

रविवारची दुपार होती. मी खिडकीशी, बाबा माझ्याकडे पाठ करून खाटेवर. सगळं लिहिलं आणि पाठवलं. खाटेवर टिंग झालं. बाबांची पाठ ताठ झाली. मग त्यांचा हात शिट्टीकडे गेलेला दिसला आणि मी डोळे मिटून घेतले.

शिट्टी वाजली नाही. माझा मोबाइल थरथरला.

"तुझी चूक नाय. फोटो पाठवू नको, त्याचे मेसेज पुसू नको. बाबांना सांग."

"ते मोबाइल बंद करतील," मी लिहिलं.

"नाय करणार. मी त्यांना वळकते."

मी खाटेपाशी गेले आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. बाबांनी प्रथमच ऐकत असल्यासारखं तोंड केलं. इतका वाईट अभिनय मी आजवर पाहिलेला नाही. मला रडू फुटलं, मग त्यांनाही. शिट्टी खुंटीला अडकवून ते शर्ट घालायला लागले.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या बाईंनीही मेसेज ठेवलेस ते बरं केलंस, असंच सांगितलं. परतताना रिक्षात बाबा बाहेर बघत म्हणाले, "गळती कळवलीस. शाबास."

थोडं पुढे गेल्यावर माझा मोबाइल वाजला. दातिवऱ्याची मुलगी विचारत होती, सांगितलंस का, काय म्हणाले बाबा. बाबा अजून बाहेरच बघत होते, मोबाइल मांडीवर धरून.

शाबास म्हणाले, मी लिहिलं. शेजारी टिंग झालं.