हाईमचं नाव घेऊ नका

हाईम आमेदी स्टोव्ह दुरुस्त करायचा, आणि हाक मारली की "आलो, आलो" म्हणून जागचा हलायचा नाही. एवढं सांगितलं की जेरुसलेममधल्या आमच्या वस्तीत कुणालाही कळायचं कोणत्या हाईमबद्दल बोलणं चाललंय. खुलासा करावाच लागायचा, कारण हाईम आमच्याकडे आठ होते.

हाईम म्हणजे जीवन. आठही जण एकाच सिनेगॉगातले, कुर्दिस्तानातल्या एकाच गावाहून आलेले. पण त्यातले सात काही जन्मापासून हाईम नव्हते. आमच्यात माणूस अंथरुणाला खिळला आणि डॉक्टरने मान हलवली की हाखाम, म्हणजे आमचे धर्मगुरू, दहा पुरुष जमवतात आणि आजाऱ्याचं नाव बदलून टाकतात. मृत्यूचा दूत वरून चिठ्ठी घेऊन येतो. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं एझ्रा, आणि खाटेवर पडलेला असतो हाईम-एझ्रा. दूत पडला सरकारी कारकुनाच्या जातीचा, कागदावर नाही ते त्याला दिसत नाही. येतो तसा परत जातो.

एझ्राला हाईम मिळालं टायफॉइडमध्ये. नाहूम न्हावी अंजिराच्या झाडावरून डोक्यावर पडला, त्याला मिळालं त्यात. बाकीच्यांचंही असंच काहीबाही. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या सुट्टीला, अंगणात बसून सातही जण आपापलं दुखणं पहिल्यापासून सांगायचे, आणि ज्याचं दुखणं मोठं तो हाईम मोठा. लढाईवरून आल्यासारखा रुबाब एकेकाचा.

आपला हाईम मात्र जन्माचा हाईम. त्याच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून आईने तिसऱ्याचं नाव आधीच हाईम ठेवून टाकलं. अडुसष्ट वर्षांत त्याला साधी सर्दी झाली नाही. तो त्या सातांना चिडवायचा, "तुम्ही सगळे सेकंडहँड हाईम. ओरिजिनल एकच."

एकदा नाहूम न्हाव्याने त्याच्या गालाला साबण लावता लावता ऐकवलं, "ओरिजिनल शेठ, उद्या तुम्ही आजारी पडलात तर नाव कोणतं लावायचं? तुम्ही तर डबा घरूनच खाऊन निघालात."

हाईम हसला, पण ते बोलणं त्याच्या मनात कुठेतरी रुतून बसलं.

त्याची बायको अस्मर. तिसऱ्या मजल्यावर घर, आणि खाली जिन्याखाली हाईमचं दुकान, म्हणजे एक स्टूल, एक पेटी आणि बर्नर साफ करायच्या पिनांचा डबा. दुपारी एक वाजला की अस्मर गॅलरीत येऊन ओरडायची, "हाईम, कुब्बे निवतायत." सूप आणि त्यातले सारण भरलेले गोळे, वातीच्या स्टोव्हवर सकाळपासून रटरटलेले. हाईम खालून म्हणायचा, "आलो, आलो." आणि मग अर्धा तास. चव्वेचाळीस वर्षं रोज हेच. शेजारणी त्या हाकेवर घड्याळ लावायच्या आणि त्याच्या उत्तरावर हसायच्या.

त्या वर्षी नवीन वर्षाआधीच्या महिन्यात हाईमच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाला, दोन दिवस बघू. दोन दिवस बघू म्हणजे काय हे अस्मरला कुणी समजावून सांगायला नको होतं. ती तडक हाखाम शमायांच्या दारात.

"हाखाम, नाव द्या."

"देतो की बाई. हाईम लावू पुढे." मग हाखामांच्या लक्षात आलं. ते दाढी कुरवाळत बसले. "अरे देवा. तो तर आहेच हाईम."

"दोनदा लावा."

"हाईम-हाईम? दूत तोतरा आहे का?"

"मग मतूशेलह लावा. तो नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला."

"हिब्रूत त्या नावाची सुरुवातच 'मेला'सारखी ऐकू येते. काहीतरी बोलू नकोस. पवित्र ग्रंथ उघडू, जे नाव पहिलं दिसेल ते."

हॉस्पिटलात एका खाटेजवळ दोनच माणसांना सोडायचे. नाव बदलायला लागतात दहा. नर्सला सांगितलं, आम्ही सख्खे भाऊ. तिने दहा तोंडांकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "पाच मिनिटं. आणि गाणं म्हणायचं नाही."

हाखामांनी ग्रंथ उघडला. आलं महेर-शालाल-हाश-बाझ.

"केवढं मोठं नाव हे," नाहूम न्हावी म्हणाला. "हाक मारेपर्यंतच जायचा तो."

"शिवाय 'महेर' म्हणजे घाई कर," एझ्रा म्हणाला. "दूताला घाई कर म्हणून सांगायचं?"

पुन्हा उघडला. आलं नाबाल. नाबालच्या काळजाचा दगड झाला आणि दहा दिवसांत आटोपला, हे सगळ्यांना पाठ. हाखामांनी असा काही ग्रंथ मिटला की त्यात बोट सापडलं. तिसऱ्यांदा आलं बर्झिलाय.

बर्झिलाय म्हणजे दावीद राजाच्या वेळचा एक म्हातारा. राजा म्हणाला, चल माझ्याबरोबर राजवाड्यात, माझ्या पंगतीला जेव. बर्झिलाय म्हणाला, महाराज, मी ऐंशी वर्षांचा, मला आता अन्नाची चव कळत नाही, मला माझ्या गावी जाऊन मरू द्या.

अस्मरने त्यातलं एवढंच ऐकलं. "ऐंशी? हा अडुसष्टचा. म्हणजे बारा वर्षं. ठरलं, घ्या."

खाटेवरून, नळ्यांच्या गुंत्यातून, हाईमचा बारीक आवाज आला. "त्याला चव लागत नव्हती म्हणे."

"तू गप पड," अस्मर म्हणाली.

हाखामांनी प्रार्थना म्हटली. रीतीप्रमाणे नवं नाव पुढे आणि जुनं मागे, बर्झिलाय-हाईम. पण अस्मरला ते पटेना. दूत शेवटपर्यंत वाचणारा निघाला तर? हाखाम म्हणाले, तीस दिवस धडधाकट राहिला की नाव पक्कं होतं, तोवर सगळ्यांनी नव्या नावाने हाक मारा म्हणजे झालं. हाखाम एवढंच म्हणाले. त्याचा कायदा अस्मरने केला. तीस दिवस वस्तीत हाईम हा शब्द उच्चारायचा नाही. खाटेवरच्या पाटीवरचं नाव तर तिने जाता जाताच पेनाने गिरगटून टाकलं, आणि नर्स दुपारभर त्या खाटेवर कोण झोपलंय ते शोधत होती.

चौथ्या दिवशी हाईम उठून बसला. डॉक्टर म्हणाला, इंजेक्शनचा गुण. अस्मरने डॉक्टरकडे दयेने पाहिलं.

घरी आल्यावर तो जिन्याखाली स्टुलावर जाऊन बसला. एक वाजला. वरून हाक आली, "बर्झिलाय, कुब्बे निवतायत." हाईमने आजूबाजूला बघितलं, कोण बिचारा आहे ते. दुसरी हाक आली, तिसरी आली, शेवटी अस्मर चप्पल हातात घेऊन खाली उतरली तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला.

त्याला ते काही केल्या मानवेना. कुणी बर्झिलाय नावाचा इसम आपल्या खुर्चीवर बसून आपल्या बायकोच्या हातचं खातोय असं त्याला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर चवही लागायची नाही. स्टोव्ह घेऊन येणाऱ्या बायका "बर्झिलायकाका" म्हणायच्या, आणि तो मान खाली घालून पिन घासत राहायचा. एके दिवशी हाखामांकडे जाऊन म्हणाला, "हाखाम, हाईम मेला की काय? मला कुणी मयताला बोलावलं नाही, म्हणून विचारतो."

"चार दिवस कळ काढ रे बाबा. बायकोचा जीव आहे तुझ्यावर."

"बर्झिलायवर आहे," हाईम म्हणाला. "माझ्याशी ती तीन आठवडे बोललेली नाही."

म्हातारा खरंच कष्टी झाला होता. चव्वेचाळीस वर्षं ज्या हाकेला तो हललाही नाही, ती हाक कानावर पडेना म्हणून त्याला झोप लागत नव्हती.

इकडे त्या सात जणांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुरुवात केली नाहूम न्हाव्याने. "दूत चिठ्ठी घेऊन आलाय. चिठ्ठीवर हाईम, इमारत नंबर चौदा. तिसऱ्या मजल्यावर हाईम नाही. तो रिकाम्या हाताने जाईल होय? खाली पहिल्या मजल्यावर मी राहतो." झालं. दुसऱ्या दिवसापासून सातही जणांनी हाईम टाकून दिलं. नाहूम नुसता नाहूम, एझ्रा नुसता एझ्रा. मग एझ्राला रात्री घाम फुटला, कारण टायफॉइडच्या वेळची एझ्रा नावाची जुनी चिठ्ठी दूताच्या खिशात अजून पडलेली असली तर? म्हणजे हाईमही नको आणि एझ्राही नको. आठवड्याभरात सिनेगॉगात एकाही म्हाताऱ्याला नाव उरलं नाही. ग्रंथ वाचायला पुढे बोलावताना हाखाम म्हणायचे, "उभा राहो तो, आपला हा, न्हावी." हाखामांनी हात टेकले.

आणि अशात उजाडला नव्या वर्षाचा दिवस. अस्मरच्या हिशेबाने सव्विसावा.

त्या दिवशी वर देवाच्या दरबारात पुस्तकं उघडतात. कोण जगणार आणि कोण नाही ते लिहिलं जातं. सिनेगॉग खच्चून भरलेलं, पुरुष खाली, बायका वर पडद्यामागे. प्रार्थना चालवायला एझ्रा उभा. आवाज त्याचा असा की खिडक्या थरथरतात. आणि ती ओळ आली. आम्हाला जीवनासाठी आठव, जीवन आवडणाऱ्या राजा, आम्हाला जीवनाच्या पुस्तकात लिही. मूळ ओळीत तो शब्द तीनदा येतो, आणि तो शब्द म्हणजे हाईम.

एझ्राने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने वर पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आम्हाला आठव, अहं, साठी." घसा खाकरला त्याने. मागून सगळी सभा खाकरली. "अहं आवडणाऱ्या राजा." पुन्हा दोनशे माणसं खोकली. हाखामांनी डोळे घट्ट मिटून घेतले. "आम्हाला अहंच्या पुस्तकात लिही."

हाईम तिसऱ्या बाकावर उभा होता. त्याने आयुष्यात ती ओळ साठ-पासष्ट वेळा तरी ऐकली असेल, आणि दर वेळी लहानपणापासून त्याला वाटायचं की सगळे आपल्यालाच हाका मारतायत. आज हाका नव्हत्या. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते लपवायला तोही खोकला.

तेवढ्यात वरचा पडदा फर्रकन बाजूला झाला.

"अरे मेल्यांनो," अस्मर कडाडली, "काय मागताय? खोकला? माझ्या नवऱ्यासाठी वर्षभराचा खोकला मागताय? तो वर पेन घेऊन बसलाय, म्हणाल ते लिहील. जीवन मागा. नीट तोंड उघडून मागा. हाईम म्हणा. हाईम, हाईम."

आणि तिने दोन्ही हातांनी आपलंच तोंड दाबलं. सव्विसावा दिवस. सगळ्या माना एकदम तिसऱ्या बाकाकडे वळल्या. नाहूम न्हावी बाकाखाली जायला जागा शोधू लागला.

हाईमने वर पाहिलं. त्याचा चेहरा असा खुलला की ज्याचं नाव ते. काही विचार न करता, चव्वेचाळीस वर्षांच्या सवयीने, त्याने तोंडावर हात धरून ओरडून उत्तर दिलं, "आलो, आलो."

हा कुणाला म्हणाला आलो? बायकोला, की दूताला? एझ्राने पुस्तकात डोकं घातलं. कुणीतरी पुटपुटत दिवस मोजले. हाईम उभाच होता, छातीवर हात ठेवून. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. मग हाखाम शमायांनी पुस्तकावर थाप मारली आणि म्हणाले, "ऐकलंत ना तिने काय सांगितलं ते? पहिल्यापासून घ्या." एझ्राने ओळ पहिल्यापासून घेतली, तो शब्द तिन्ही वेळा पोटातून म्हटला, आणि पाठोपाठ सातही म्हातारे आपापलं नाव ओरडून परत घेऊन मोकळे झाले.

घरी जाताना अस्मर दोन पावलं मागे चालत होती. वळणावर तिने त्याला गाठलं. मग म्हणाली, "आलो म्हणून कुणाला सांगितलंस?"

"तुला."

"आणि त्याने ऐकलं असेल तर?"

"त्यालाही तेच," हाईम म्हणाला. "तुला चव्वेचाळीस वर्षं सांगतोय. आलो का कधी वेळेवर?"

अस्मर वर गेली. सणाचा दिवस, काम नाही, तरी हाईम जिन्याखाली स्टुलावर जाऊन बसला. एक वाजला. अस्मर गॅलरीत आली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि ओरडली, "हाईम, कुब्बे निवतायत."

"आलो, आलो," हाईम म्हणाला, आणि त्याला राहवेना. ती हाक ऐकायला तीन आठवडे आसुसलेला माणूस. तो खरंच उठला, कठडा धरत धरत तीन जिने चढला आणि धापा टाकत दारात उभा राहिला.

अस्मर दारात आडवी. रंग उडालेला तिचा. "लगेच आलास?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "तो बघतोय ना. त्याला काय वाटेल, हा बोलावलं की येतो? जा खाली. अर्धा तास बस."

"कुब्बे निवतील."

"निवू देत. जा."

हाईम खाली गेला आणि बरोबर अर्धा तास स्टुलावर बसला. मग वर येऊन त्याने गार कुब्बे खाल्ले, आणि आणखी वाढ म्हणाला.